संपर्क होऊ शकला नाही

मंगळवार, ता. ९
कचेरी, दुपारचे चार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तू आणि राव खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण डोळे आणि जीभ अजून कामावर येतात. ‘ठमे’ म्हटलं म्हणून रागावू नकोस. बावन्न वर्षांच्या शिक्षिकेला ठमी म्हणणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही, आणि मीही अकरा वर्षं म्हटलेलं नाही.

पत्र का, तर फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. तीनदा ठेवलास. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस चार ओळी वाचतोच. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वाचकांबद्दल मला तेवढं नक्की कळलंय. पोस्टावर भरवसा नाही, म्हणून घरी जाताना तुमच्या जिन्याखालच्या पेटीत मीच टाकून जाईन. वर येणार नाही, काळजी करू नकोस.

बातमी अशी की या तीस तारखेला मी निवृत्त होतेय. डेस्कवरची माझी खुर्ची कोणाला मिळणार यावरून दोघांत आतापासून अबोला आहे. वास्तविक त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, पण ते मी त्यांना सांगणार नाही, बसल्यावर कळेल. गेली सहा वर्षं बातम्या तपासण्याबरोबर दुसऱ्या पानावरचं ‘चूकभूल’ हे सदरही मीच लिहिते. काल काय चुकीचं छापलं ते आज कबूल करायचं, एवढंच त्याचं काम. कोणाचं वय चुकतं, कोणाचं आडनाव. मागे एका धडधाकट गृहस्थांच्या नावाआधी आम्ही ‘कैलासवासी’ लावलं. ते स्वतः कचेरीत आले आणि म्हणाले, दुरुस्ती जरा सावकाश छापा, शेजारी सध्या माझ्याविषयी फार चांगलं बोलताहेत.

हे सदर कुठून आलं ते तुला कधी सांगितलं नसेन. आमच्या थोरल्या संपादकांनी हे वर्तमानपत्र काढलं तेव्हा ते पत्रच नव्हतं. एका बाजूला छापलेला एकच कागद असायचा, त्यावर बाजारातले भाव, आणि तो सकाळी बाजाराच्या भिंतीला चिकटवायचे. एकदा एका मालाचा भाव चुकला आणि लांबून आलेले लोक माल स्वस्तात विकून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी बरोबर भाव छापला, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि खाली लिहिलं की काल आमची चूक झाली. तेव्हापासून नियम पडला: जिथे चुकलो तिथेच, तेवढ्याच आकारात दुरुस्ती. पुढे पत्र वाढलं तसा नियम आक्रसत गेला आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी येऊन बसला. मात्र एक गोष्ट राहिली. ‘चूकभूल’मध्ये जे लिहिलं जातं त्यातला एक शब्दही संपादक बदलत नाही.

आता मुद्द्यावर येते. रविवारी पत्राला साठ वर्षं होतात. मोठी पुरवणी निघतेय, त्यात साठ वर्षांतल्या बारा गाजलेल्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा छापायच्या आहेत. काल त्या बाराची प्रुफं माझ्या टेबलावर आली. नववी बातमी उघडली आणि समोर रावांचा फोटो.

ती बातमी तुला पाठ असेल. तरी लिहिते, कारण मला ती कागदावर नीट मांडून बघायची आहे. तीन वस्त्यांत कावीळ पसरली. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून सलग बारा आठवडे पाणी न तपासताच ‘पिण्यास योग्य’ असे अहवाल गेले होते. बाराही अहवालांवर तिथल्या रसायनतज्ज्ञाची, म्हणजे रावांची, सही असल्याचं आम्ही पहिल्या पानावर चार कॉलम छापलं. आणि शेवटी: ‘वारंवार प्रयत्न करूनही त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.’

त्यानंतर जे झालं ते तू भोगलंस. निलंबन, जिन्यात टाकलेली घाण, चार वर्षांची चौकशी. चौकशीत अहवालांवरच्या सह्या त्यांच्या नाहीत, त्यांच्या नावाचा शिक्का मारून कोणीतरी गिरवलंय असं निघालं. ते आम्ही छापलंही नाही. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू मला एवढंच बोललीस: “तुमच्या पेपरातून फोन येणार म्हणून ते सकाळपासून फोनशेजारी बसले होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत.” तेव्हा तुला वाटत होतं की वार्ताहराने लबाडी केली. मी तुझा समज दुरुस्त केला नाही.

वार्ताहराने लबाडी केली नव्हती. आदल्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन तो सांगून आला होता की उद्या फोन करून रावांचं म्हणणं घेऊ. बातमी दिली तेव्हा त्याने शेवटी जागा सोडली होती आणि कंसात लिहिलं होतं, ‘रावांचे म्हणणे, डेस्कने फोन करून घालावे’. मग तो रुग्णांची संख्या घ्यायला दवाखान्यात गेला. डेस्कवरून फोन करायचा होता. फोन झाला नाही आणि जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून तिथे ते वाक्य बसवलं गेलं.

बसवलं गेलं. बघ, अजूनही मी कशी लिहितेय. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर समासात लाल पेनने विचारलं असतं, कोणी बसवलं?

मी बसवलं, ठमे. त्या दिवशी डेस्कवर मी होते. वारंवार प्रयत्न सोड, एकदाही नंबर फिरवला नाही. तुझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे राव माझ्या बहिणीचे यजमान आहेत हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं. ते सांगून बातमी दुसऱ्याच्या हाती द्यायला हवी होती. मला वाटलं, मी फोन केला आणि उद्या नातं कळलं तर म्हणतील घरच्या माणसाला आधी सावध केलं. आपण कोणाला झुकतं माप देत नाही हा माझा मोठा तोरा होता. त्या तोऱ्यात जे परक्या माणसालाही देतो ते मी रावांना दिलं नाही.

ते वाक्य रविवारी पुन्हा छापलं जाणार आहे. ते मला थांबवायचं आहे आणि त्या जागी खरं काय ते छापायचं आहे. पण या वेळी विचारल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी रावांना फोन करीन. तू त्या वेळी शाळेत असतेस. त्यांना आधी सांगायचं की नाही ते तू ठरव. त्यांनी उचलला नाही तर तसंच लिहीन.

तुझी,
ताई


गुरुवार, ता. ११
दुपारचा एक

प्रिय ठमे,

आशीर्वाद.

फोन केला. हे तुला त्यांच्याकडून कळेलच, पण माझ्याकडूनही कळलं पाहिजे.

अकराला पाच कमी असताना मी बाहेरच्या खोलीतला फोन धरला, कारण डेस्कवर सगळ्यांचे कान टवकारलेले असतात. एवढी वर्षं मंत्र्यासंत्र्यांना बेधडक फोन केले. आज नंबर दोनदा चुकला. दुसऱ्यांदा एका बाईंनी मला झापलं, तेव्हा जरा धीर आला.

पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. “बोला,” म्हणाले. मी ‘राव, मी ताई बोलतेय’ असं म्हणणार होते, तोंडातून निघालं ते वेगळंच. माझं पद सांगितलं, पत्राचं नाव सांगितलं आणि म्हटलं, “अकरा वर्षांपूर्वी तुमच्याविषयी छापलेल्या बातमीवर तुमचं म्हणणं हवं होतं.” फोन ठेवला असं मला वाटलं. मग म्हणाले, “ताई, थांबा हं. चष्मा आणि फाईल आणतो.”

त्यांनी फाईल आणली. ठमे, ती फाईल त्यांना शोधावी लागली नाही, मी मोजत होते, दहा-बारा सेकंदांत ते परत आले. मग शाळेत धडा वाचतात तसे त्यांनी मला तीन कागद वाचून दाखवले. तपासणीची रसायनं संपल्याचं वरिष्ठांना लिहिलेलं पत्र, महिन्याने लिहिलेलं दुसरं, आणि तिसऱ्यात स्पष्ट शब्दांत, की तपासणी झाल्याशिवाय मी सही करणार नाही, परिणामाची जबाबदारी आपली. तिन्हींवर पोच आहे, तारीख आहे. मी शब्द न् शब्द उतरवून घेतला. हे त्या दिवशी उतरवून घेतलं असतं तर ती बातमी चार कॉलमच गेली असती, फक्त फोटो दुसऱ्याचा लागला असता.

मला वाटलं संपलं. मी म्हटलं, “राव, आणखी काही?” ते म्हणाले, “कागदावर नाही असं एक आहे. ते पण लिहून घ्या.”

ते काय, हे मी इथे लिहिणार नाही. माझ्या पोटात राहत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, पण हे राहील. त्यांनी मला अट घातली, “तिला मीच सांगतो. आज संध्याकाळी. त्याआधी तुम्ही सांगू नका.” ती अट मी पाळणार. म्हणून हे पत्र लिहून ठेवतेय, पण पेटीत उद्या सकाळी टाकीन. तोवर ते बोललेले असतील. नसतील बोलले, तर माझं पत्र दाखवून त्यांना विचार.

एवढंच सांगते. आपण ज्याला निष्पाप समजतो त्याच्याकडून काय ऐकायला मिळेल याची मी तयारी केली होती. त्यांच्या शिव्यांची, रडण्याची, ‘आता कशाला’ म्हणण्याचीही. जे ऐकलं त्याची तयारी नव्हती.

मग तशीच उठून संपादकांकडे गेले. तो वार्ताहर म्हणजेच आताचे आमचे संपादक, हे तुला माहीत असेल. त्या बातमीने त्यांना बक्षीस मिळालं, नाव मिळालं, पुढे ही खोली मिळाली. मी सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. माणूस पांढराफटक पडला. मग भडकला.

“तुम्ही मला अकरा वर्षं सांगितलं नाहीत. मी जागा सोडली होती, कंस केला होता.”

“केला होता.”

“आणि आता निवृत्तीला पंधरा-वीस दिवस असताना तुम्हाला नीतिमत्ता आठवली?”

ते खरं होतं. मी म्हटलं, “पुरवणीतून ती बातमी काढा. आणि दुरुस्ती पहिल्या पानावर द्या, जिथे चूक झाली तिथे.” ते म्हणाले वकिलांना विचारावं लागेल. वकील अर्ध्या तासात आले, कागद चाळले, आणि रावांचं ते शेवटचं म्हणणं वाचल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “मग आपली बातमी अगदीच खोटी नव्हती की,” ते म्हणाले. “दुरुस्ती कशाला? पुरवणीतून गुपचूप काढा आणि विषय मिटवा.”

विषय मिटवा. तो मिटवायला मी आधीच अकरा वर्षं घालवली आहेत. मी म्हटलं, पहिलं पान देणार नसाल तर ‘चूकभूल’ माझं आहे. त्यावर संपादक म्हणाले, “तिथे लिहा. मी शब्द बदलणार नाही. पण तुमचा राजीनामा त्याच पाकिटात घालून आणा.” आज या क्षणी गोष्ट इथे अडली आहे.

ताई


शनिवार, ता. १३
कचेरी, दुपारचे तीन

प्रिय ठमे,

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी कचेरीच्या खालच्या खिडकीवर मिळाली. पाकिटावरचं अक्षर मी लगेच ओळखलं. अकरा वर्षांत तुझी पहिली ओळ. मी ती चार वेळा वाचली. तू लिहिलंयस:

‘त्यांनी सांगितलं. स्वयंपाकघरात उभ्याने सांगितलं आणि आंघोळीला निघून गेले. बारांतली पहिली सही त्यांची होती. ताई, मी अकरा वर्षं या इमारतीत, शाळेत, रस्त्यात, भेटेल त्याला छाती ठोकून सांगत आलेय की एकही सही त्यांची नाही. माझं तोंड कुठे लपवू? तू तुझं खोटं खुशाल छाप. ते तू आमचं देणं लागतेस. पण ती सही छापू नकोस. त्यांना काय कळतंय, ते हट्टाला पेटलेत. तू बहीण म्हणून एकदाच एवढं कर, मग मागचं सगळं मी विसरेन. घरी ये.’

‘घरी ये’ हे दोन शब्द मी अकरा वर्षं मनात ऐकतेय. तू ते शेवटी टाकलेस. माझीच बहीण, कुठलं वाक्य कुठे ठेवायचं ते तुला बरोबर कळतं.

कालची रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. आज सकाळी तू शाळेत गेल्यावर मी रावांना पुन्हा फोन केला. तुझी चिठ्ठी आल्याचं सांगितलं, तुझं म्हणणं सांगितलं. म्हटलं, राव, तुम्ही नाही म्हणालात तर मी ती सही वगळते, आणि तुमच्या सांगण्यावरून वगळली म्हणून माझ्या वहीत लिहून ठेवते. ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत देते:

“ताई, पहिल्या आठवड्यात साहेब म्हणाले, माल उद्या येतोय, आज सही करून टाका. मी केली. पुढच्या आठवड्यापासून नाही केली. तुमचा फोन येणार म्हटल्यावर मी सकाळपासून ठरवून बसलो होतो, की ही तीन पत्रं वाचायची आणि ती एक सहीसुद्धा सांगायची. तेव्हा माझ्यात तेवढा धीर होता. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर छापून आलं, बारा. आता बारा माझ्या नाहीत हे ओरडून सांगताना, एक आहे, असं कसं म्हणणार? कोण ऐकणार? हिलाही नाही सांगितलं. चौकशीत अकराच कागद आले, पहिला फायलीत नव्हता. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. सुटलो. पण सुटल्यासारखं वाटलं नाही. ती रागावेल, मला माहीत आहे. पण मला एकदा पूर्ण छापून यायचंय.”

मी लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला लावला. मी ‘मला सही करावी लागली’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, “करावी लागली नाही. केली.”

ठमे, आता माझं ऐक. पहिल्या पत्रात मी तुला सांगितलं, की झुकतं माप दिसू नये म्हणून फोन केला नाही. ते वाचायला बरं वाटतं. त्यात माझी अब्रूही थोडी राहते. पण ते पुरतं खरं नाही. खरं असं आहे की बातमी चांगली होती. मथळा मी केला होता, चार कॉलम बसला होता, आणि कित्येक महिन्यांत पहिलं पान असं सजलं नव्हतं. फोन केला असता तर राव काहीतरी सांगणार, आणि ते सांगतील त्याने बातमी मोडणार, हे मला ठाऊक होतं. त्यांना मी तीस वर्षं ओळखते. पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय न पिणारा माणूस तो. बारा अहवालांवर डोळे मिटून सही करणारा तो नाही, हे त्या क्षणीही मनात आलं होतं. मनात आलं, म्हणूनच फोन केला नाही. एका चांगल्या बातमीसाठी मी तुझ्या घराचं वाटोळं केलं. हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

तू म्हणतेस, बहीण म्हणून एवढं कर. त्या दिवशी मी तुझी बहीण नसल्यासारखी वागले आणि खोटं छापलं. आज बहीण असल्यासारखी वागून तेच करायचं का? तेव्हाही रावांना काय सांगायचं होतं ते मी गिळलं. आजही तेच गिळायला तू सांगतेस. कारण तुझं माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं आहे, ते मी मान्य करते. पण दोन्ही वेळा तोंड दाबलं जाणार ते त्याच माणसाचं.

मला ते जमणार नाही. मला तू हवी आहेस. आई गेल्यापासून माझं म्हणावं असं तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि ‘घरी ये’ हे तू परत कधी लिहिणार नाहीस हेही मला दिसतंय. तरीही जमणार नाही.

तासाभरापूर्वी मजकूर संपादकांना दिला, राजीनाम्यासकट. त्यांनी दार लावून वाचला. मी समोर उभी होते. बसा म्हणाले नाहीत. दोनदा वाचल्यावर त्यांनी पेन काढलं, आणि मी म्हटलं, शब्द बदलायचा नाही असं ठरलंय. “बदलत नाहीये,” ते म्हणाले. “एक वाक्य घालतोय.” मग विचारलं, “वकिलांना मी बघून घेतो. पहिल्या पानावर तळाला जागा केली तर चालेल? चार कॉलम नाही देता येणार, दोन देतो.” राजीनामा त्यांनी परत दिला नाही. मीही मागितला नाही. तीस तारखेऐवजी आज माझा शेवटचा दिवस, एवढाच फरक. लंगडी खुर्ची आजच मोकळी झाली.

जे छापलं जाणार आहे ते असं. पान सहाला बंद होतं, म्हणून हे पत्र आत्ताच शिपायाच्या हाती पाठवतेय. त्याआधी तुला काही म्हणायचं असेल तर मी फोनशेजारी बसून आहे. तुझं म्हणणं असेल ते शब्दशः घालीन, माझ्याविरुद्ध असलं तरी.

‘अकरा वर्षांपूर्वी या पानावर आम्ही पाणीपुरवठा प्रयोगशाळेच्या रसायनतज्ज्ञांविषयी बातमी छापली. पाणी न तपासता दिलेल्या बाराही अहवालांवर त्यांची सही असल्याचे आम्ही म्हटले. ते चुकीचे होते. अकरा अहवालांवर सही करण्यास त्यांनी नकार दिला होता आणि वरिष्ठांना तीन वेळा लेखी कळवले होते. चौकशीत त्या सह्या त्यांच्या नसल्याचे सिद्ध झाले, तेही आम्ही छापले नाही. पहिल्या अहवालावर सही आपण केली, असे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितले आणि ते छापावे असा आग्रह धरला. त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही, असेही आम्ही लिहिले होते. संपर्काचा प्रयत्नच झाला नव्हता. ते दिवसभर फोनशेजारी बसून होते. ते वाक्य डेस्कवर मी लिहिले. मी त्यांची मेहुणी आहे, हे मी तेव्हा लपवले. वार्ताहर म्हणून, फोन झाला का, हे दुसऱ्या दिवशी मी विचारायला हवे होते, विचारले नाही: संपादक.’

‘चूकभूल’मध्ये आजवर ‘मी’ हा शब्द कधी आलेला नाही. अंक पाहून डेस्कवरचे म्हणतील, म्हातारीने जाताजाता व्याकरण मोडलं.

तुमच्याकडे आमचा अंक अकरा वर्षांपासून येत नाही. उद्या सकाळी आठला मी तो घेऊन येईन. जिना चढायला मला वेळ लागेल, तेवढ्यात तुला ठरवता येईल. दाराच्या फटीतून सरकवून पळून जाणार नाही. अंक आधी रावांच्या हातात देईन, त्यांना तो मोठ्याने वाचायचा असेल तर ऐकेन. मग तू मला जे म्हणायचं ते म्हण. शेजारीपाजारी दारं उघडून ऐकू देत. मी मध्ये बोलणार नाही आणि तुझं बोलणं संपल्याशिवाय जिना उतरणार नाही.

काहीही न वगळता तुझी,
ताई